पत्ता फोडणारे मगदूम

मला आण्णासाहेब मगदूम कधीच आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण दूर गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप मऊ पडतो, आणि या माणसाच्या बाबतीत मऊ पडण्याचा मला काही अधिकार नाही. त्यांनी मला चार वर्षं छळलं. मी त्यांचं एका संध्याकाळी वाटोळं केलं. त्यांचा छळ सगळ्या ऑफिसने पाहिला. माझं कृत्य कुणीच पाहिलं नाही, अशा समजुतीत मी सात वर्षं काढली.

माझ्या पर्समध्ये सध्या एक कागद आहे. त्यावर एक पत्ता आहे. रविवारी मला तिथे जायचंय. जाण्याआधी हे लिहून काढते.

शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं एक दुकान आहे, त्याच्यावर तिसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस. सात-आठ माणसं. डॉक्टरांना, लॅबना, मेडिकलवाल्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही करतो. मी तिथे लागले तेव्हा अडतीस वर्षांची होते. मुलगी आठवीत गेली होती आणि मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये सहा महिने कोडिंग शिकून, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, घाम पुसत जिना चढले होते. मालक अभिजित माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने फोल्डर उघडलंही नाही. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाला, "मगदूम सरांकडे जा. ते हो म्हणाले तर हो."

कोपऱ्यात पंचावन्नच्या पुढचा एक वाळका, उंच माणूस बसला होता. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला सुताराची चपटी पेन्सिल, टेबलावर लाकडी फूटपट्टी. बाकी टेबल रिकामं. कॉम्प्युटर बाजूला ढकललेला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता. त्यांनी माझ्याकडे न बघता एका कोऱ्या कागदावर एक भलामोठा वेब अ‍ॅड्रेस लिहिला, कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिल पुढे केली.

"फोडा."

"म्हणजे?"

"क्लासात काय केलासा सहा म्हैने? पत्ता हाय ह्यो. फोडा की."

मी डावीकडून सुरुवात केली. पेन्सिल कागदाला टेकते न टेकते तोच त्यांनी फूटपट्टी माझ्या हातावर नाही, पण हाताच्या अगदी शेजारी आपटली.

"पत्रावर पत्ता कसा लिवताय? नाव, गल्ली, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. पोस्टमन आधी काय बघतोय? तुमचं नाव? तुमचं नाव कोण इचारतंय! जिल्हा बघतोय. मंग तालुका. गावाचं नाव उजवीकडनं वाचायचं."

मग त्यांनी स्वतःच फूटपट्टी धरून अ‍ॅड्रेसमध्ये उभ्या रेघा मारल्या. प्रत्येक तुकड्याला त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि ते पुस्तकातलं नव्हतं. सुरुवातीचं ते एचटीटीपीएस म्हणजे 'गाडी': कशातनं जायचं ते. मग 'गाव', म्हणजे ज्या मशीनवर जायचं ते. तेवढं उजवीकडून वाचायचं. मग तिरप्या रेघांची 'वाट'. प्रश्नचिन्हाच्या पुढे 'विचारणा'. आणि शेवटी हॅश असेल, फोनच्या बटणांवर असते ती आडव्या-उभ्या रेघांची जाळी, तर तिच्या पुढची 'खूण'.

"खूण म्हंजे पुस्तकात घातलेलं मोराचं पीस. ते वाचणाऱ्याच्या हातात ऱ्हातंय. गावाला पोचत न्हाय. हॅशच्या पुढं काय बी लिवा, तिकडच्या मशीनला ते दिसतच न्हाय. ध्येनात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं. हे मुद्दाम सांगते. मला ते माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मला ते सांगितलं होतं.

मग ते अभिजितला ओरडून म्हणाले, "ठिऊन घ्या. काय येत न्हाय, पर हात थरथरत न्हाय." ही माझी निवड. चार वर्षांत याहून बरं ते माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

मगदूम शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. घरी ऊस, मिरची, दोन भाऊ. हे एकटे शिकून या धंद्यात आले आणि शेतातला खडूसपणा सोबत घेऊन आले. आम्हा सगळ्यांना ते अहोजाहो करायचे, आणि त्या अहोजाहोत असा काही तिरस्कार असायचा की एखाद्याने सरळ अरेतुरे करून शिवी दिली असती तर परवडलं असतं. मला ते 'जाधव बाई' म्हणायचे. परक्या माणसाला म्हणायचे 'पावणं'. आणि कुणाचा पाणउतारा करायचा असला की घरच्या माणसालाही 'पावणं' करायचे.

पुण्याहून एकदा एक कंपनीवाला आला होता. गळ्यात पट्टा, हातात टॅब. लॅबच्या पेशंटना खोट्या लिंकांपासून वाचवणारा प्रोग्रॅम त्याला आम्हाला विकायचा होता. अर्धा तास तो बोलला. मगदूम ऐकत होते की झोपले होते ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी पेन्सिल काढली आणि कागदावर एक पत्ता लिहिला. सुरुवातीला आमच्या ओळखीच्या लॅबचं नाव, अगदी डॉट इनसकट. त्याच्यापुढे ई-मेलमध्ये असतं ते अ‍ॅटचं चिन्ह. त्याच्यापुढे भलतंच कसलंतरी नाव.

"पावणं, ह्या गाडीत बसलो तर उतरणार कुठं?"

तो हसला. "सर, लॅबच्या साइटवर. सरळ आहे."

"बसवून बगा तुमच्या मशीनला."

त्याच्या प्रोग्रॅमने हिरवी खूण दाखवली. सुरक्षित. मगदूमांनी अ‍ॅटच्या चिन्हाच्या पुढे एक रेघ मारली आणि अलीकडचा सगळा भाग अंगठ्याखाली झाकला. "ह्यो गाडीत बसणाऱ्याचा नाव-गाव सांगायचा कागूद. कंडक्टर बघतोय न बघतोय. गाव हितनं सुरू. तुमी चुकीच्या गावात उतरलासा पावणं. आनि वर हिरवा झेंडा दाखवून पेशंटांस्नी घेऊन उतरलासा."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. त्या माणसाचे कान लाल झाले होते आणि टॅब बंद करताना त्याला बटण सापडत नव्हतं. तो गेल्यावर मगदूम म्हणाले, "चुकला म्हणून न्हाय. चुकत्यात सगळी. पर वाचल्याबगर हासला."

वाचणं हेच त्यांचं खरं वेड. कॉम्प्युटरवर कुणी काय बदललं त्याची नोंद राहतेच, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. आम्ही केलेला प्रत्येक बदल आम्हाला कागदावर छापून त्यांच्याकडे न्यावा लागे. ते फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकवत वाचायचे. पटलं तर खाली उजव्या कोपऱ्यात सही. नाही पटलं तर कागद उलटा करून आपल्याकडे सरकवायचे, एक शब्द न बोलता. तो उलटा कागद घेऊन आपल्या टेबलापर्यंत चालत येणं म्हणजे काय असतं ते आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि कागद न्यायचा तो चारच्या आत. चारनंतर ते कागद घेत नसत, कारण पाचनंतर त्यांचं जेवण.

सूर्य मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. पुष्कळ जैन घरांत हे पाळतात, पण मगदूमांचं पाळणं त्यांच्या सगळ्याच गोष्टींसारखं होतं. घड्याळावर नाही, पश्चिमेच्या खिडकीतून समोरच्या गोडाऊनच्या पत्र्याकडे बघून. पत्र्यावरचं ऊन कडेला आलं की ते हातातलं काम जिथे असेल तिथे टाकायचे, हात धुवायचे, डबा उघडायचे. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. भात, आमटी, एखादी फळभाजी, चपाती. जेवताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. दिवसातली तेवढी वीस मिनिटं ते कुणाचा अपमान करायचे नाहीत.

आता माझ्या अपमानाचं सांगते.

दुसऱ्या वर्षी मी पेशंटच्या लिंका तपासायचा एक प्रोग्रॅम लिहिला. मला वाटत होतं की आता मला येतं. अ‍ॅड्रेस फोडण्यासाठी मी चिन्हांचं एक लांबलचक सूत्र रचलं होतं, पुऱ्या दोन ओळींचं. कंस, फुल्या, तिरप्या रेघा, सगळी जत्रा. तीन दिवस रचत होते. मगदूमांनी कागद उलटा केला नाही. ते उठले, त्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत छापल्या आणि पाण्याच्या फिल्टरशेजारच्या भिंतीला चिकटवल्या. खाली पेन्सिलीने लिहिलं, 'जाधव बाईंची रांगोळी'.

"पत्ता फोडायचं काम जगानं करून ठेवलंय बाई. तयार फंक्शन हाय. हातानं फोडाय शिकायचं ते कळावं म्हणून. परतेक्ष कामाला तयार हत्यार वापरायचं. पायपात पानी येतंय आनि तुमी आड खणाय बसलासा!"

त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर असायचं, त्याचाच तर संताप. ती रांगोळी तीन महिने भिंतीवर होती. चहावाला वाचायचा, कुरिअरवाला विचारायचा, "ह्या कोण जाधव बाई?" माझी मुलगी एकदा ऑफिसात आली, पाणी प्यायला उठली आणि तिथे उभी राहून वाचत राहिली. मग काहीही न बोलता माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुझी सही मी तुला न वाचता करायला लावीन एक दिवस.

रागात माणूस असं काहीबाही म्हणतो. मी ते विसरले नाही, एवढंच.

तिसऱ्या वर्षी राजारामपुरीतल्या एका लॅबचं मोठं काम आलं. रिपोर्ट तयार झाला की पेशंटच्या मोबाईलवर लिंक जायची. दाबली की रिपोर्ट उघडायचा. मगदूमांचं म्हणणं होतं की लिंकमध्ये नाव नको, मोठा आडवातिडवा नंबर घाला. नाव घातलं तर कुणाचाही रिपोर्ट कुणीही उघडेल. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "अहो, लोकांना आपलं नाव दिसलं की बरं वाटतं. नंबर बघून घाबरतात." अभिजितने डॉक्टरांचं ऐकलं. मगदूम म्हणाले, "बरं. नाव घाला. पर गुंडाळून घाला."

गुंडाळून म्हणजे असं. नावात मोकळी जागा असते, तिरपी रेघ असते, काही असतं. ते तसंच पत्त्यात घातलं तर पत्ता भलतीकडे तुटतो. म्हणून अशा प्रत्येक चिन्हाऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि आकडे घालायचे. त्यालाही तयार फंक्शन आहे, एका ओळीचं. ती ओळ मगदूमांनी स्वतः लिहिली होती.

काही महिन्यांनी लॅबची कुरकूर सुरू झाली. लिंकांमध्ये ही टक्क्यांची खिचडी कसली? पेशंट विचारतात. अभिजित मला म्हणाला, "लिंका जरा स्वच्छ दिसतील असं करा. सोमवारपर्यंत." मी मगदूमांची ओळ काढून टाकली आणि माझी लिहिली. मोकळ्या जागेच्या जागी आडवी रेघ, टिंब गाळायचं, संपलं. दिसायला सुंदर. पंधरा-वीस नावं घालून बघितली. सगळी चालली.

लॅबच्या यादीवरून नजर फिरवताना मला एका नावापुढे हॅश आणि दोन दिसलं. आपल्याकडे एका आडनावाची माणसं किती! एकाच नावाचे दोन पेशंट आले की लॅबच्या काउंटरवरच्या बाई दुसऱ्याच्या नावापुढे हॅश काढून दोन लिहायच्या. वहीतही तशाच लिहायच्या, कॉम्प्युटरवरही. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. हॅशच्या पुढचं तिकडच्या मशीनला दिसत नाही हे मला ठाऊक होतं. मनात काहीतरी टोचलं. पण ते नाव घालून बघायचं म्हणजे माझी ओळ मोडणार, आणि माझी ओळ मोडली म्हणजे म्हातारा जिंकणार. मी यादी मिटली.

त्यांनी तो कागद एका नजरेत उलटा केला असता. म्हणून मी वेळ निवडली.

डिसेंबरचा शुक्रवार होता. इचलकरंजीच्या एका दवाखान्याचा सर्व्हर सकाळपासून बंद पडलेला. मगदूम दुपारचे जेवले नव्हते. मी दिवसभर बघत होते. पावणेसहा वाजता पत्र्यावरचं ऊन कडेला आलं. ते हात धुऊन आले, डब्याचं झाकण अर्धं उघडलं, आणि मी कागद पुढे केला.

"चार वाजून गेलं," ते म्हणाले.

"लॅबला आजच पाहिजे म्हणून अभिजित सर म्हणाले. लहानसंच आहे सर. फक्त आडव्या रेघा घातल्यात." मुदत सोमवारची होती, ते मी बोलले नाही.

त्यांनी पत्र्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पेन्सिल काढून कोपऱ्यात सही केली, फूटपट्टीला हातही न लावता.

मी टेबलावर येऊन बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. आनंदाने. हेही लिहून ठेवायला हवं.

मार्चमध्ये एक माणूस जिना चढून आला. चाळिशीचा, पांढरी टोपी, टोपीच्या शिवणीत जुन्या गुलालाची पुसट लाली. हातात फोन. दारातच उभा राहून म्हणाला, "लॅबच्या लिंका हितं बनत्यात न्हवं? कुणी बनवलंय ते?"

त्याच्या बायकोचं नाव सुनीता पाटील. लॅबच्या वहीत सुनीता पाटील, हॅश दोन. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. फोनवर लिंक आली, तिने दाबली. हॅशच्या पुढचं गळून पडलं आणि मशीनने पहिल्या सुनीता पाटीलचा रिपोर्ट काढून दाखवला. काही नाही. सगळं चांगलं. कागदी रिपोर्ट लॅबच्या कपाटातच राहिला; चांगलाच आहे म्हटल्यावर न्यायला कोण येतंय?

"जोतिबाला जाऊन आलो आमी," तो माणूस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बायकोला घिऊन डोंगर चढलो. गुलाल-खोबरं उधळलं. आख्ख्या गल्लीत पेढं वाटलं. अडीच म्हैने झालं. काल गाठ वाढली म्हणून गेलो तर डॉक्टर म्हनतोय, तवाच का आला न्हाईसा? आमी न्हाई आलो व्हय? तुमीच सांगितलासा की सगळं चांगलं हाय म्हणून!"

अभिजितने फाइल काढली. कागद सापडला. बदल माझ्या हातचा होता, आणि कॉम्प्युटरच्या नोंदीत माझं नाव होतंही. पण कागदावर एकच गोष्ट ठळक होती, खालच्या उजव्या कोपऱ्यातली. अभिजित म्हणाला, "सही कुणाची आहे?"

मगदूम उठून आले. कागद हातात घेतला आणि वाचला. फूटपट्टी न घेता, पण पूर्ण वाचला, तीन महिने उशिरा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एक श्वासभर. मला तेव्हा बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटणं म्हणतात ते काय ते मला कळलं. हे निमित्त म्हणून सांगत नाही. पाणी समोर होतं, प्यायले असते तर सुटली असती.

"माझी," मगदूम म्हणाले. आणि त्या माणसाला, "पावणं, माझी चूक हाय. बसा."

या एकाच वेळी 'पावणं' म्हणताना त्यांच्या तोंडात तिरस्कार नव्हता.

तो बसला नाही. त्याने मगदूमांच्या शर्टाची कॉलर धरली, मग सोडली, मग जिन्यावर जाऊन बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. मगदूम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले. माझी ओळ काढून स्वतःची परत घातली. लॅबच्या यादीतून हॅश असलेलं एकेक नाव काढलं आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला, त्यांच्या त्याच चिडक्या आवाजात. "फोनवरचं खरं धरू नगासा. कागूद हातात घ्या. आज जावा. उद्या न्हाय, आज." ऊन पत्र्यावरून उतरून गेलं. डबा तसाच राहिला. मग त्यांनी डबा, फूटपट्टी आणि कोरे कागद पिशवीत घातले आणि गेले. अभिजितला त्यांना काढून टाकावंही लागलं नाही.

त्यांची जागा मला मिळाली. टेबल तेच. पश्चिमेची खिडकी तीच. सात वर्षांत मी कुणाकडे त्या सुनीता पाटीलची चौकशी केली नाही. लॅबमध्ये जायचं टाळलं, राजारामपुरीतली ती गल्लीच टाळली. मुलगी म्हणायची, "आई, इथून जवळ पडतं ना?" मी रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगायचे.

गेल्या महिन्यात मुलीला नोकरी लागली. ती पहिल्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, "आमचे सीनियर फार खडूस आहेत गं. पण वाचतात सगळं." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी शिरोळची एसटी पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. मगदूम ओट्यावर बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होते. आणखी वाळलेले. मला बघून ना चकित झाले, ना ओळख दाखवली. सुनेने पाणी आणून दिलं, जेवायचा आग्रह केला. मी म्हटलं, सरांबरोबर घेईन. ती सासऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "मामा दिवसातनं एकदाच जेवत्यात, सकाळी. सात वर्सं झाली. सांजच्याला कायबी घेत न्हाईत. मी तरी रोज हाक मारते."

ती आत गेल्यावर ते म्हणाले, "कशाला आलासा?"

"सांगायचं होतं सर. तो कागद मी..."

"पावणेसहाला आणलासा."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"चार वर्सांत तुमी कवा चारच्या पुढं आला न्हाईसा. मला कळलं न्हाय व्हय? तवाच कळलं. झाकण निम्मं उघडलं होतं. आमटीचा वास आला आनि मी सही केली. तुमी फसवलासा म्हणून न्हाय. भूक लागली होती म्हणून. दुसऱ्या दिशी वाचीन म्हटलं. वाचला न्हाय. सही केलेला कागूद परत मागायचा म्हंजे आपलीच सही खोटी पडती." ते मिरचीचं देठ तोडत राहिले. "न वाचता हासणाऱ्याला मी पुण्याला परत धाडला होता. ध्येनात हाय?"

"मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

"सही कुणाची होती?"

"तुमची."

"मंग?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमच्यावर उपकार केला असं समजू नगासा. तुमी मला कवाच पटला न्हाईसा बाई. आजबी न्हाय. तुमचं नाव घेतलं असतं तर त्यो बिचारा कुनावर ओरडायचं ते हुडकत बसला असता."

मिरचीच्या तिखट वासाने माझे डोळे चुरचुरत होते. बरं झालं, काहीतरी कारण होतं. मी विचारलं, "त्या बाई... आहेत का?"

त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली.

"सात वर्सांनी इचारताय."

"हो."

"मी जातो वर्सातनं एकदा. दारात कुनी या म्हनत न्हाय, पर जातो. घरात कोण हाय, कोण न्हाय, ते मी सांगणार न्हाय. सांगितलं की तुमी जाणार न्हाईसा. कागूद हाय?"

मी डायरीचं पान फाडलं. त्यांनी खिशातून ती चपटी पेन्सिल काढून दिली आणि सांगायला लागले. जिल्ह्यापासून. मग तालुका. मग मुक्काम पोस्ट. मग दूध डेअरीच्या मागची गल्ली, आणि कोणतं घर. मी खालून वर लिहीत गेले. शेवटी वरची ओळ मोकळी राहिली. "नाव तुमाला ठावं हाय," ते म्हणाले. मी नाव लिहिलं. सात वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा लिहिलं.

त्यांनी कागद मागून घेतला. एका मिरचीची कड फूटपट्टीसारखी ओळीखाली धरून, एकेक अक्षर, सावकाश वाचला. मला वाटलं, आता उलटा करून सरकवतील. तो उलटा कागद घ्यायला माझे हात तयारही झाले होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. आणि कागद सुलटाच माझ्यापुढे ठेवला, पेन्सिलसकट. खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "सही."

"तुमची?"

"माझी कशाला? जाणार कोण हाय?"

मी सही केली. त्यांनी पेन्सिल परत घेतली, खिशाला लावली आणि पुन्हा मिरच्यांकडे वळले. मी येते म्हटलं. ते बरं म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी मागे वळून पाहिलं. आतून सुनेने हाक मारली होती, "मामा, जेवाय चला." ते ओट्यावर तसेच बसून होते. मान वर न करता त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. उसाच्या शेंड्यांवर ऊन अजून चांगलं हातभर वर होतं.